एसीचं कोटेशन मागवण्याआधी: खेड्यातल्या कॉलेजची इमारत बांधताना

मी भौतिकशास्त्र शिकवतो. बिल्डिंग कमिटीचा सेक्रेटरी झालो तो मीटिंगला उशिरा पोचल्यामुळे. आत शिरलो तेव्हा ठराव लिहून झाला होता आणि त्यात माझं नाव होतं. कॉलेज वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटर आत. पोरंपोरी एसटीनं येतात, नाहीतर सायकलनं. बारा वर्गखोल्या, तीन प्रयोगशाळा आणि एक वाचनालय, एवढं बांधायचं होतं. इमारत उभी राहिल्यावर आसपासच्या तीन-चार संस्थांची माणसं पाहायला आली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: सोलर किती किलोवॅटचं बसवलं?

सोलर अगदी शेवटी येतं. आमच्या भागात इमारत गार राहणार की भट्टी होणार, हे ठरतं ते पाया खोदण्याच्या आधी, नकाशावर. त्याला पैसे जवळपास लागत नाहीत, भांडणं मात्र बरीच लागतात. ज्यांच्या कमिटीत हे काम आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्या चुकाही सांगतो, कारण त्यातून तुमचे जास्त पैसे वाचतील.

आधी काठी रोवा

जागा नक्की झाली की आर्किटेक्टला बोलावण्याआधी प्लॉटवर एक सरळ बांबू ओळंब्यात उभा करा. सकाळी अकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खुंटी ठोका. सर्वांत आखूड सावली ज्या रेषेत पडते ती खरी उत्तर-दक्षिण. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. जवळ लोखंडी खांब किंवा गाडी असली की ते बहकतं. आमच्याकडे बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी हे काम केलं, प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलंसुद्धा.

आता हिशेब बघा. आपण साधारण पावणेएकवीस अक्षांशावर आहोत. म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली गायब होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, नेमका तेव्हाच लागतो, हे वर्गात सांगितलं की पोरं आजीला जाऊन सांगतात. तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि बाकीचं वर्षभर दक्षिणेला.

यातून निघतं ते असं. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, वर्गखोल्यांच्या खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला काढा. दक्षिणेचं ऊन अडवणं सोपं असतं. दोन फुटांचा छज्जा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी खाली सव्वापाच फूट सावली पाडतो, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. तोच छज्जा डिसेंबरात जेमतेम दोन फूट सावली देतो आणि हिवाळ्यातलं कोवळं ऊन बाकांवर येतं. एकच छज्जा दोन्ही ऋतू सांभाळतो, कोणी बटण दाबायला नको.

पश्चिमेचं तसं नाही. एप्रिलात चारच्या सुमारास सूर्य इतका खाली आलेला असतो की दोन फुटांच्या छज्जाची सावली सव्वा फुटावर संपते. उरलेली खिडकी उन्हात. पश्चिमेला छज्जा म्हणजे शोभेची वस्तू. तिथे खिडकीच काढू नये, हाच उपाय.

आमचा पहिला नकाशा शहरातून आला होता. सुंदर होता, रंगीत. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी भाग पश्चिमेला आणि तो पूर्ण काचेचा. आतमध्ये सहा वर्ग. अध्यक्षांना तो फार आवडला, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसला असता. मी नुसतं बोलून उपयोग झाला नसता. एप्रिलमधल्या एका दुपारी जुन्या इमारतीच्या पश्चिमेच्या खोलीत आणि उत्तरेच्या खोलीत एकेक थर्मामीटर टांगला आणि चार वाजता अध्यक्षांना चहाला बोलावलं, चहा पश्चिमेच्या खोलीत. दोन्ही खोल्यांत साडेचार अंशांचा फरक निघाला. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि म्हणाले, "दुसरा नकाशा करून घ्या." आकड्यांपेक्षा घाम लवकर पटतो.

दर्शनी भाग शेवटी पश्चिमेलाच राहिला, तोही हट्ट मोडायला नको होता. पण तिथे आता मोठं पोर्च, जिना, जाळीची भिंत आणि स्टोअर आहे. ऊन तिथेच थकतं, वर्ग त्याच्या मागे.

आर्किटेक्ट तुम्हाला सांगेल, की संडास-बाथरूमही पश्चिमेला टाका, उन्हाची ढाल होते. आमच्याही नकाशात तसं होतं. जोत्याची आखणी करायला आलेले मिस्त्री, सातवी शिकलेले, खाली बसून चुन्याची रेघ बघत म्हणाले, "सर, तुम्ही ऊन पाह्यलं, वारा नाही पाह्यला. आपल्याकडं वारा मावळतीकडून येते. संडासाचा वास वर्गात नेऊन सोडन थो." खरं होतं. उन्हाळ्यात वारा वायव्येचा, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा. स्वच्छतागृहं पूर्वेच्या टोकाला गेली. नकाशाचा तिसरा कागद त्या सकाळी बांधावर बसून निघाला.

काळी माती: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कापसाला चांगली ती माती घराला वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात आमच्या प्लॉटवरच्या भेगेत फूटपट्टी घातली तर आख्खी आत जायची. या फुगण्या-आकसण्यानं जोतं वर-खाली होतं आणि तीन-चार वर्षांत भिंतीला तिरकी चीर पडते. आमच्या जुन्या इमारतीच्या ऑफिसात अशा चिरेवर दर दिवाळीला कॅलेंडर टांगायचे.

माती किती फुगते हे कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्येच बघता येतं. माती वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून चाळा. दहा-दहा ग्रॅम दोन मोजनळ्यांत घाला, शंभर मिलिलिटरच्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. नीट ढवळा आणि चोवीस तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त भरली, हा तुमचा आकडा. पन्नासच्या वर गेला तर सावध व्हा. आमचा ऐंशीच्या पुढे होता. हे सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाच्या जागी चालत नाही, तो घ्यावाच लागतो. पण अहवाल येईपर्यंत कमिटीला गप्प बसवायला मोजनळी पुरते. रॉकेल मिळणं आता कठीण झालंय, आधी जमवून ठेवा.

मग प्लॉटवर तीन ठिकाणी खड्डे घ्या, एका कोपऱ्यात एक घेऊन भागत नाही. आमच्याकडे ईशान्येला पाच फुटांवर कडक मुरूम लागला आणि नैर्ऋत्येला दहा फूट गेलं तरी काळीच. पूर्वी तिथे बोडी, म्हणजे छोटं तळं होतं, असं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारणं हीसुद्धा मातीपरीक्षाच.

मुरूम सहा-सात फुटांत लागत असेल तर सरळ मुरमापर्यंत खोदून पाया घ्या. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल. जमिनीत गोल भोक घ्यायचं आणि तळाशी त्याला माठासारखा फुगा काढायचा. फुग्याचा व्यास सहसा भोकाच्या अडीच पट असतो. वरची माती कितीही फुगली तरी खालचा फुगा खांबाला धरून ठेवतो. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं ही पद्धत आपल्या काळ्या मातीसाठीच रुळवली. पाइल किती, किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच ठरवायचं. त्याची फी वाचवू नका. रंगातले पैसे वाचवा.

आता आमची चूक. पाया बरोबर झाला, पण जोत्यात भराव टाकताना मी दोन दिवस विद्यापीठाच्या पेपर तपासणीला गेलो होतो. परत येऊन पाहतो तर ठेकेदारानं खोदकामातून निघालेली काळी मातीच आत ढकलून वर सहा इंच मुरूम पसरलेला. वरून कळणार नाही असा. मिस्त्रींनी पहार मारून दाखवली म्हणून कळलं. सगळं उपसायला लावलं, दहा दिवस गेले, वाद झाले. भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. भराव चालू असेपर्यंत कमिटीतलं एक तरी माणूस तिथे हवं. पेपर तपासणी पुढे ढकलता येते.

इमारतीभोवती चार फूट रुंद फरशीची पट्टी करा, उतार बाहेरच्या बाजूला. भिंतीलगतची माती कोरडी-ओली होणं थांबलं की अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. आणि हौसेनं भिंतीला चिकटून झाडं लावू नका. मोठं झाड काळ्या मातीतलं पाणी ओढतं, माती तेवढ्याच भागात आकसते आणि चीर पडते. झाड जेवढं उंच होणार तेवढं अंतर सोडा. पश्चिमेला आम्ही कडुनिंब आणि करंज लावलेत, भिंतीपासून चाळीस फुटांवर.

बापूकुटीत दुपारी दोन वाजता

भिंती ठरवण्याआधी कमिटीला सेवाग्रामला न्या. सकाळी नाही, मे महिन्यात दुपारी दोन वाजता. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहायला आले, पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथल्या त्यांच्या कुटीला माती, लाकूड, बांबू, कवेलू म्हणजे कौलं, सगळं आसपासचं. बापूकुटीत गेल्यावर फोटो बघू नका, भिंतीला तळहात लावा. मग पडवीत या आणि ऊन कुठे थांबतं ते बघा. भिंतीपर्यंत ते पोचतच नाही. आमच्या प्राचार्या मॅडम परतीच्या गाडीत म्हणाल्या, "आपल्याला व्हरांडा आठ फुटांचा हवा, पाचचा नको." त्या दिवसाचा एवढा फायदा पुरे झाला.

आम्ही मातीची इमारत बांधली नाही, हेही सांगून टाकतो. निधी देणाऱ्याच्या अटीत आरसीसी होतं, आणि दोन मजल्यांवर हजार पोरं चढणार होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, तिथे मातीच्या भिंती आणि शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमानदार छपरं पाहता येतात. कॅन्टीनला तसं छप्पर करावं असं माझ्या मनात होतं. कमिटीत मत पडलं नाही. तुमच्या कमिटीत पडलं तर मला बघायला बोलवा.

भिंतींसाठी आम्ही राखेच्या विटा घेतल्या. चंद्रपूरला एवढं मोठं औष्णिक वीज केंद्र आहे, कोराडी आणि खापरखेडाही लांब नाहीत, राखेला तोटा नाही. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामात राखेचं सामान वापरावं, असा केंद्राचा नियमही आहे आणि विदर्भातलं कुठलंही कॉलेज त्या वर्तुळात येतं. शेतातली वरची सुपीक माती विटभट्टीत जाण्यापेक्षा हे बरं. पण राखेची वीट डोळे मिटून घेऊ नका. ट्रक आला की दहा विटा बाजूला काढा. कंबरेइतक्या उंचीवरून मातीवर टाका, फुटायला नको. कोरडी वीट तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. वजन वीस टक्क्यांच्या वर वाढलं तर ट्रक परत. आमचे दोन ट्रक परत गेले. तिसऱ्यापासून विटा सुधारल्या.

बांधणी उंदीरसापळ्याची. रॅट-ट्रॅप बॉण्ड म्हणतात त्याला, वास्तुविशारद लॉरी बेकरांनी आपल्या देशात रुजवली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, म्हणजे नऊ इंची भिंतीत आतून पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्शानं वाचतात, आणि पोकळीतली हवा ऊन आत यायला उशीर करते. मिस्त्रींना हे सांगितलं तर हातातली थापी खाली ठेवून म्हणाले, "भित पोकट ठेवता? उंदरं शिरतीन ना सर." नावच तसं, त्यांचा काय दोष. मग आधी सायकल स्टँडची भिंत तशी बांधून घेतली. आठवडाभर रोज एक थर पाडायचा, पुन्हा लावायचा. सायकल स्टँडवर हात बसला आणि मग मुख्य इमारतीत एक वीट चुकली नाही. नवी पद्धत असेल तेव्हा आधी काहीतरी बिनमहत्त्वाचं बांधून घ्या. कोपरे, चौकटींच्या बाजू आणि जोत्यावरचा पहिला थर मात्र भरीवच ठेवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. जाड भिंत ऊन थांबवत नाही, उशीर करते. दुपारी तापलेली भिंत सहा-आठ तासांनी आत उष्णता सोडते. कॉलेज पाचला सुटतं, म्हणजे भिंत तापली तरी वर्ग रिकामा. हेच वसतिगृहाला केलंत तर पोरं रात्री अकराला भाजून निघतील. एकच नकाशा दोन्हीला वापरू नका. आमच्या शेजारच्या तालुक्यात कोणीतरी वापरलाय, पोरं गच्चीवर झोपतात.

छप्पर

भिंतींवरून इतकं लिहिलं, पण नवतप्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा मार बसतो तो स्लॅबला. वरच्या मजल्याचं सगळं दुःख तिथून येतं. सगळं बजेट संपलं तरी छपराचे पैसे राखून ठेवा.

आम्ही फिलर स्लॅब केला. स्लॅबच्या खालच्या बाजूच्या काँक्रीटला ताण सोसता येत नाही, तो सळई सोसते. मग तिथलं थोडं काँक्रीट काढून त्या जागी दोन-दोन इंग्रजी कवेलू एकमेकांवर पालथे ठेवायचे. सिमेंट वाचतं, मधल्या हवेनं थोडा गारवाही मिळतो, आणि खालून पाहिलं तर छत देखणं दिसतं. गावात जुन्या घरांवरची कवेलू उतरवून लोक टिनाचे पत्रे टाकत होते, कारण माकडं रोज चार फोडतात आणि शाकारायला माणूस मिळत नाही. ती कवेलू आम्ही फुटक्या-चांगल्या निवडून आणली. स्लॅबच्या आत गेल्यावर माकडाचा काही इलाज चालत नाही. याचंही डिझाइन इंजिनिअरकडूनच घ्यायचं, मिस्त्रीच्या अंदाजानं नाही.

वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. पांढरंच घ्या. दुकानदार स्वस्तात गडद निळे देऊ करेल.

जुन्या इमारतीला एवढं करणं परवडत नसेल तर चुना. होळीच्या आधी गच्ची झाडून धुऊन घ्या. कळीचा चुना आदल्या दिवशी ड्रममधल्या पाण्यात थोडा थोडा सोडून विझवा. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच, पोरांना लांब ठेवा. रात्रभर मुरू द्या, सकाळी गोणपाटातून गाळा, डिंक कालवा आणि दोन-तीन पातळ हात द्या, एक आडवा एक उभा. जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी दोन सकाळींत सगळी गच्ची संपवली. पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी करावा लागतो. तरीही खर्च अगदी किरकोळ, आणि खालच्या खोलीतला फरक पहिल्याच दुपारी कळतो.

खिडक्या कधी उघडायच्या

हवेशीर म्हणून दिवसभर सताड उघड्या खिडक्या, ही कोकणातली सवय झाली. आपल्याकडे मार्च ते जून सकाळी दहानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते. ती आत घेऊन काय करायचं? दहाला खिडक्या बंद, उजेडापुरत्या वरच्या काचा ठेवा आणि पंखा लावा. रात्री उघडा, म्हणजे भिंती आणि फरशी गार होऊन सकाळच्या तासांना तयार राहतात. त्यासाठी छताजवळ जाळीचे झरोके ठेवा. जाळी बारीक हवी, नाहीतर पारवे येतात.

कूलर आमच्याकडे चांगला चालतो, कारण उन्हाळ्यात हवा कोरडी. पण मोठा कूलर दिवसाला शंभर लिटर पाणी सहज पितो, आणि ते पाणी मे महिन्यात टँकरचं. आम्ही कूलर फक्त वाचनालयात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ठेवले. पावसाळा लागला की तो निरुपयोगी. ओल्या हवेत नुसता वास.

सगळ्यात स्वस्त उपाय वेळापत्रकाचा. होळीनंतर तास साडेसात ते बारा करा. उन्हाळी परीक्षा खालच्या मजल्यावर घ्या.

पाणी

हिशेब तोंडपाठ करा: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर सहाशे चौरस मीटर, पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. वीस टक्के वाया गेला धरलं तरी चार लाख ऐंशी हजार लिटर. मृगाचं पहिलं पाणी सोडून द्यायला पन्हाळीला व्हॉल्व्ह ठेवा, त्यात वर्षभराची धूळ आणि पारव्यांची घाण असते. पुढचं पन्नास हजार लिटरच्या टाकीत, आणि उरलेलं जमिनीत.

जमिनीत मुरवण्याचा आमचा पहिला खड्डा सहा फुटांचा होता. जुलैत पाहिलं तर काठोकाठ भरलेला, ऑगस्टातही तसाच, आणि बेडकांचं संमेलन. मिस्त्री हसले, "काळीत गड्डा केला तं पानी मुरन कसं? फुगली का बंदच झाली थे." काळी माती ओली झाली की झाकणासारखी बसते. खड्डा मुरमापर्यंत न्या. तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, त्यावर रेती, आणि वर जाळी. दर मे महिन्यात वरची रेती खरवडून बदला.

रसायनशास्त्राच्या लॅबचं पाणी या खड्ड्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका. त्याची नळी वेगळी, आधी चुनखडीच्या तुकड्यांच्या टाकीतून, मग वेगळ्या शोषखड्ड्यात. नकाशात हे आमच्याकडे राहून गेलं होतं, फरशी लागल्यावर पुन्हा फोडावी लागली.

आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी बाराही महिने हवं. आमच्या मुली सकाळी सहाला घरून निघतात. आत पाणी नसलं की दिवसभर पाणीच पीत नाहीत, मे महिन्यात चक्कर येऊन पडतात. पावसाच्या टाकीची पहिली नळी आम्ही तिथे नेली, प्राचार्यांच्या केबिनला नंतर. हिरव्या इमारतीच्या कुठल्याही यादीत हा मुद्दा मला वरच्या ओळीत दिसला नाही.

आता सोलर

आधी पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आत. आमचे साठ पंखे, म्हणजे साडेचार किलोवॅटचं काम एक पॉइंट आठ किलोवॅटवर आलं. जेवढी वीज वाचली तेवढं सोलर विकत घ्यावंच लागलं नाही.

मग दहा किलोवॅट बसवलं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरा. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, एकवीस अंशांच्या आसपास कलतं. लोकांना वाटतं, आपल्याकडे ऊन जास्त म्हणजे मे महिन्यात वीज जास्त. पॅनेलला उजेड आवडतो, ताप आवडत नाही. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि मे महिन्यात पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापतं. म्हणजे सहाव्या हिश्शाच्या आसपास वीज गेली. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवू नका, खालून वारा जाईल एवढं, फूट-दीड फूट उचला. त्याची सावली स्लॅबवर पडते हा वरचा फायदा.

आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि पॅनेल यांचा ठेकेदार वेगळा होता. दोघांनी एकमेकांचा नकाशा पाहिला नाही. हिवाळ्यात टाकीची सावली दुपारी तीनपासून एका पॅनेलवर यायची आणि अख्ख्या ओळीची वीज पडायची. टाकी हलवली. डिसेंबरमधली सावली आधी मोजा, काठी आहेच आपल्याकडे. सुट्टीत तयार होणारी वीज वाया जाऊ नये म्हणून महावितरणकडे नेट मीटरिंगचा अर्ज काम चालू असतानाच करून ठेवा. आणि पॅनेल पंधरा दिवसांनी पहाटे धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

मानांकनाचं थोडक्यात. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, ऊर्जा, पाणी, हिरवा परिसर हेही बघते, तेव्हा पावत्या आणि फोटो तारखेसह जपून ठेवा. हरित इमारतींना मिळणाऱ्या 'गृह' मानांकनाचे तारे हवे असतील तर अडीच हजार चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी त्यांची 'स्वगृह' नावाची सोपी पद्धत आहे. नोंदणी नकाशाच्या टप्प्यावरच करायची, नंतर जाग येऊन उपयोग नाही. आम्ही तारे घेतले नाहीत. ते पैसे गच्चीवरच्या पांढऱ्या टाइल्सना गेले.

चावी कोणाकडे

इमारत झाली, उद्घाटन झालं, आणि पहिल्या उन्हाळ्यात ती जुन्या इमारतीइतकीच तापली. आठवडाभर मला कळेना. मग एका रात्री नऊ वाजता जाऊन पाहिलं, सगळ्या खिडक्या कड्या लावून बंद. उघडायच्या कोणी हे ठरलेलंच नव्हतं. शिपाई पाचला घरी जातो, चौकीदार काकांकडे फक्त गेटची चावी, आणि खिडक्या उघड्या दिसल्या तर त्यांनाच बोलणी बसणार.

तेव्हा हे लेखी करा. खालच्या मजल्याच्या खिडक्यांना आतून लोखंडी जाळी हवी, म्हणजे रात्री उघड्या ठेवायला भीती नाही. मार्च ते जून रात्री आठला उघडणं आणि सकाळी दहाला बंद करणं हे कोणाचं काम, त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावा, आणि त्याला त्याचे वेगळे पैसे द्या. आमच्याकडे काका उघडतात. प्रत्येक मजल्यावर एक थर्मामीटर आणि दोरीला बांधलेली वही टांगली आहे, त्यात ते रात्रीचा आणि पहाटेचा पारा लिहितात. गेल्या मे महिन्यात एका पानावर आकड्याच्या जागी लिहिलेलं होतं, "जिन्याखाली इंचू निघाला, खिडक्या अर्ध्याच उघडल्या." दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर दोन अंश जास्त होते.